मागच्या माणसाची चाल

मंगळवार, ४ फेब्रुवारी

व्यायामवाल्या बाईंचा फोनवरूनच हुकूम झालाय. रोज काय केलं, कुठे ओढलं, कसं चाललो ते लिहून ठेवायचं. "काका, दोन ओळी लिहिल्या तरी चालतील." दोन ओळींत आटोपणारं असतं तर त्यांच्याकडे जायची वेळ कशाला आली असती?

तर हकिकत अशी. उजवा खुबा बदलून वर्ष होत आलं. दुखणं पळालं, झोप लागते, जिनाही चढतो. पण चालतो अजून लंगडतच. दर पावलाला उजव्या अंगाला कलतो, होडीत उभा असल्यासारखा. सर्जननी फोटो उजेडावर धरला आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. "सांधा झकास बसलाय. पाय दोन्ही सारखे." मी म्हटलं, "मग लंगडतंय कोण?" ते हसले आणि बाईंचा पत्ता लिहून दिला.

मला हसू आलं नाही, कारण माझ्या लंगडण्यावर दुकान अडलंय. माझं आणि दादाचं काचेचं दुकान. तावदानं, आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा. कापायचं दादाने, उचलायचं दोघांनी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दादाने शटर ओढलं आणि म्हणाला, "लंबू, तुझी चाल सरळ झाली की उघडू." ते अजून ओढलेलंच आहे. आता बेकरीवाल्याच्या दर्शनी काचेला तडा गेलाय. ती आम्हीच बसवलेली, आणि तो गडी दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही. एप्रिलपर्यंत थांबतो म्हणतो. सर्जननाही विचारून ठेवलंय. काच दोन तुकड्यांत बसवा, दोघांनी उचला, पण आधी लंगडणं थांबू दे, म्हणाले.

म्हणजे सगळं येऊन या पायावर पडलं. व्यायाम शुक्रवारपासून.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, उंचीने माझ्या खांद्याला लागतील न लागतील अशा, आणि तोंडाने शाळेच्या हेडबाई. गेल्या गेल्या माझ्या उजव्या हातातली काठी काढून डाव्या हातात दिली.

"काका, काठी ऑपरेशनच्या पायाच्या उलट्या हातात धरायची. हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

सांगितलं होतं. पण माझ्या उजव्या हाताला रिकामं राहायची सवय नाही. जन्मभर काचेची खालची कड त्याच हातावर होती. डाव्या हातात काठी म्हणजे परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटतं.

मग डाव्या कुशीवर निजवून उजवा पाय वर उचलायला लावला. पाय कसला, ओलं लाकूड. खुब्याच्या बाजूचा स्नायू मऊ पडलाय म्हणाल्या. सांधा नवा असला तरी त्याला धरणारा गडी जुनाच, आणि तो आळसावलाय. नंतर भिंतीवरच्या उंच आरशासमोर उजव्या एकाच पायावर उभं केलं. कंबर एका रेषेत ठेवायची, डावी बाजू खाली जाऊ द्यायची नाही.

आरशात बघितलं तर मी तिरका. नीट बघितलं, तरी तिरकाच. माझी खात्री झाली की आरसाच वाकडा लागलाय. बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं."

घरी येऊन हिला सांगितलं, तर ही भांडी पुसता पुसता म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." या घरात कारागिराला किंमत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

दादाकडे गेलो होतो. दोन गल्ल्यांचं अंतर, पण पूर्वी शीळ घालत जायचो, आता वाटेत दोनदा टेकावं लागलं.

दादाने दाढी वाढवलीय. पांढरी, छातीपर्यंत यायच्या बेतात. "हे काय रे, संन्यास घेतोस का?" म्हटलं. "दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, कुणासाठी खरडायची?" म्हणाला. म्हातारपणी हौस, दुसरं काय. वहिनींनी चहा आणला. माझा पिऊन झाला तरी त्याचा कप तसाच. हल्ली म्हणे त्याला गार चहा आवडतो. एके काळी ओठ भाजेल असा लागायचा, आणि जरा निवला की वहिनींचा उद्धार व्हायचा.

गंमत म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघराच्या तावदानाला तडा गेलाय आणि त्यावर चिकटपट्टी मारलीय. काचवाल्याच्या घरात! मी म्हटलं, "दिव्याखाली अंधार." दादा म्हणाला, "करू सवडीने." सवडीला काय तोटा आहे त्याला?

बेकरीवाल्याचं सांगितलं. मला वाटलं, उठून बसेल. त्याने हात बगलेत घातले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "घाई कशाला? तुझा पाय महत्त्वाचा."

निघताना मला दारापर्यंत पोचवायलाही उठला नाही. वहिनी मात्र आल्या. "भावजी, पायाची काळजी घ्या. सावकाश होऊ द्या," म्हणाल्या. सगळ्यांना माझं सावकाशच हवंय.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

व्यायाम केले. मांडीच्या बाहेरच्या बाजूला ओढ बसते. बसलीच पाहिजे, म्हणे.

दुपारी पडल्या पडल्या दादाच्या कटरचा आवाज आठवला. पट्टी लावून तो हिऱ्याचं टोक काचेवरून ओढायचा. एकदाच ओढायचं, दुसऱ्यांदा फिरवलं की काच मेलीच. रेशीम फाडल्यासारखा बारीक आवाज यायचा. मग दोन बोटांनी हलकेच दाबायचा आणि काच निमूट दोन व्हायची. मला त्याने कटरला कधी हात लावू दिला नाही. "तू उंच आहेस, तू धर," म्हणायचा. मला राग यायचा. आज वाटलं, तो आवाज परत ऐकायला मिळावा, कटर राहिला बाजूला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज माझी शोभा झाली, आणि आणखीही काही झालं. सगळं नीट लिहितो.

आरशाचं काही डोक्यातून जाईना, म्हणून खिशात ओळंबा घालून गेलो. बाईंना म्हटलं, "दोन मिनिटं द्या." दोरी वर धरली, शिसं खाली सोडलं, हलायचं थांबू दिलं. आरशाची कड आणि दोरी, मधे केस जाईल एवढीही फट नाही. ज्याने कुणी लावला त्याच्या हाताला सलाम. शेजारी एक आजी गुडघ्याचा व्यायाम करत होत्या, त्या म्हणाल्या, "काय निघालं?" मी म्हटलं, "आरसा सरळ आहे." त्या पोट धरून हसल्या.

नाक कापलं गेलं की माणूस दुसरं नाक शोधतो. मी म्हटलं, आरसा सरळ असेल, पण भिंत चुकलीय. उजेड पाठीमागून येतो, माणसाला स्वतःची नुसती सावली दिसते. समोरच्या भिंतीला हवा. बाईंना ते पटलं. म्हणाल्या, "आत्ताच हलवूया, मी धरते." आरसा मोठा असला तरी पातळ होता, मला जड नव्हता. त्या पुढे, मी मागे. काच उजव्या अंगाला. मी सवयीने "चल" म्हटलं आणि निघालो. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आरसा टेकवला तर बाई माझ्याकडे टक लावून बघतायत.

"काका, परत उचलूया. परत त्या भिंतीपर्यंत."

परत गेलो.

"आता आरसा राहू दे. नुसते चालत या."

आलो.

"तुम्हाला कळलं का? आरसा हातात असताना जसे चाललात, तसेच आत्ताही चाललात. अगदी तसेच. उजव्या गुडघ्यात जरा वाकून, त्या अंगाला कलून. फक्त हातात आरसा नाही."

मी म्हटलं, "तसं चालावंच लागतं. पुढचा माणूस बुटका असला की मागच्याने वाकायचं. नाहीतर काच तिरकी होते, सगळा भार पुढच्यावर जातो."

"तुमच्या पुढे कोण असायचं?"

"दादा."

"बुटके आहेत?"

"माझ्यापेक्षा वीतभर."

त्या समजावत होत्या ते मला जमेल तसं लिहितो. खुबा दुखायला लागला तेव्हा अंगाने दुखणं चुकवायची सोपी वाट शोधली, आणि ही वाट त्याच्या चांगली पायाखालची होती. आता दुखणं गेलं, पण अंगाला कुणी तसा निरोप दिला नाही. त्यात बाजूचा स्नायू मऊ पडलेला. म्हणून दोन्ही करायचं, स्नायूला ताकद द्यायची आणि चाल नव्याने शिकायची.

"समोर तुमच्याएवढाच उंच माणूस चाललाय असं समजा, काका."

मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, मग दादा कुठे गेला?

बुधवार, १९ फेब्रुवारी

व्यायाम केले. मन लागलं नाही.

दिवसभर जुनंच आठवत बसलो. मोठी काच उचलली की आम्ही दोघं मिळून एक जनावर व्हायचो, चार पायांचं. पुढे दादाचे डोळे, मागे माझी ताकद. वाटेत फक्त त्यानेच बोलायचं, तेही एकेक शब्द. "पायरी." "वळण." "खड्डा." पुढचा म्हणेल ते मागच्याने निमूट करायचं, का म्हणून विचारायचं नाही. माझं पाऊल चुकलं तर मागे न बघताच त्याला समजायचं आणि ओरडायचा, "उजवा!" की मी पाय बदलायचो. काचेतून सगळं कळतं. धरलेला हात घामेजलाय का, माणूस चिडलाय का, काही काही लपत नाही. वहिनींशी भांडून आला असला की चौकापर्यंत जायच्या आत मला कळलेलं असायचं.

बेकरीची काच नेली तो दिवस. वारा सुटेल म्हणून सकाळी लवकर निघालो. रस्त्यावरची माणसं बाजूला व्हायची, गाड्या थांबायच्या, एका ड्रायव्हरने तर टोपी काढली. सगळी गल्ली काचेत उलटी होऊन आमच्याबरोबर चालली होती. मला पुढचं काही दिसायचं नाही, दिसायची ती दादाची मान. त्या मानेमागून मी जग बघितलं आणि कधी ठेचकाळलो नाही. काच बसल्यावर बेकरीवाल्याने गरम पाव पुढे केले. दादाने अर्धा मोडून मोठा तुकडा मला दिला, "वाकून वाकून दमला असशील," म्हणाला. त्याला माहीत होतं तर.

हे दिवस फार चांगले होते. तेव्हा कळलं नाही, असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. तेव्हाही कळत होतं.

सोमवार, ३ मार्च

सुधारणा आहे. एका पायावर उभं राहिलं की कंबर आता ढळत नाही. ओलं लाकूड जरा वाळलं म्हणायचं. काठी डाव्या हातात रुळली, चालताना भार आपोआप तिच्यावर जातो.

चालताना मनात म्हणतो, पुढे उंच माणूस, पुढे उंच माणूस. डोकं वर ठेवलं की रस्ता निराळाच दिसतो. दुकानांच्या पाट्या दिसतात. ही म्हणाली, "अहो, तुम्ही एवढे उंच आहात हे विसरलेच होते मी." लग्नात वरमाला घालताना पाटावर उभी राहिली होती, तेही विसरली असेल.

चांगलं वाटायला हवं. वाटतंही. पण संध्याकाळी परतताना उजव्या हाताला अगदी रिकामं वाटलं.

रविवार, १६ मार्च

आज दादाला चालून दाखवायला गेलो. काठी घरी ठेवली. त्याच्या पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, ताठ, न कलता. वहिनींनी टाळ्या वाजवल्या आणि मधेच थांबल्या.

दादा बघत राहिला. मग म्हणाला, "बरं चालतोस." एवढंच!

"बरं? अरे, मार दुकानाचं शटर वर! बेकरीवाला कालही विचारत होता."

"परत बिघडलं म्हणजे? नवा सांधा आहे. अजून थोडं थांबू."

"किती थांबायचं?"

"मी काय पळून चाललोय?" त्याने हात खिशात घातले आणि आत निघून गेला.

मी घुश्शातच घरी आलो. लंगडत होतो तेव्हा पाय महत्त्वाचा, पाय बरा झाला तर घाई नको. आता वाटतं, त्याला मीच नको झालोय. म्हातारपणी भागीदारी जड होते, असं लोक म्हणतात ते काही उगीच नाही. हिला तसं म्हणालो तर हिने विळी बाजूला सारली. मग म्हणाली, "तुम्ही सगळं तुमच्या पायावरूनच बघता. दादांकडे बघितलंत का?" म्हटलं, "समोरच तर बसलो होतो." तिने कपाळावर हात मारला आणि भाजी चिरायला बसली. या बायकांचं बोलणं कोड्यात.

शुक्रवार, २८ मार्च

बाई म्हणाल्या, आता महिन्यातून एकदा या. व्यायाम मात्र सोडायचे नाहीत, आणि गर्दीच्या रस्त्यावर काठी जवळ असू द्या. गुडघेवाल्या आजी म्हणाल्या, "ओळंबा सरळ झाला."

बेकरीवाल्याने निरोप धाडलाय. तडा खालपर्यंत उतरलाय, आता हो किंवा नाही सांगा. मी ठरवलंय. येत्या रविवारनंतरच्या रविवारी दादाला हाताला धरून दुकानात नेणार. एकदा शटर वर गेलं, लाकडी मांडण्या दिसल्या, की त्याचा हट्ट आपोआप उतरेल. मी त्याला ओळखतो.

रविवार, ६ एप्रिल

सकाळी हे लिहायला बसलो होतो, जमलं नाही. आता संध्याकाळ झालीय, आणि तरी हात चालत नाही. पण लिहितोच.

दादा आला. फार आढेवेढे घेतले नाहीत. वाट गर्दीची म्हणून मी काठी घेतली होती, डाव्या हातात. शटर मीच उघडलं. आत तोच वास, भुशाचा आणि पुट्टीचा. दादाचं टेबल, त्यावर धुळीखाली पट्टी, खिळ्याला लटकवलेला कटर. दादा कटरजवळ गेला, त्याच्याकडे बघितलं, हात लावला नाही. मी म्हटलं, आधी अंदाज घेऊ. कोपऱ्यात कुणी न नेलेला उभा आरसा होता, तो पुढच्या दारापाशी नेऊ. बेकरीच्या काचेआधी तालीम.

"पाय सांभाळ," दादा म्हणाला.

तो पुढे, मी मागे. आरसा उजव्या अंगाला. "चल," म्हणाला. आणि निघालो.

पहिल्याच पावलाला मला वाटलं, रस्त्यावरून अवजड गाडी गेली असावी. आरसा गुणगुणत होता. बारीक, न थांबता. काच अशी कधी गुणगुणते ते मला माहीत आहे, यंत्राजवळ ठेवली तर. इथे यंत्र नव्हतं. माझे हात स्थिर होते. मी मुद्दाम पकड घट्ट केली, तरी दुसऱ्या टोकाकडून ते येतच राहिलं. आरशात दुकान थरथरत होतं, मांडण्या, दार, दादाची पांढरी दाढी, सगळं.

दाढी. गार चहा. चिकटपट्टी. खिशातले हात. अरे देवा, केवढा मूर्ख मी!

"पायरी," दादा म्हणाला. आवाज तोच, खणखणीत. मी पायरी उतरलो. बाईंनी शिकवलेलं सगळं विसरून मी गुडघ्यात वाकलो, होता होईल तेवढा, म्हणजे त्याच्याकडे कमीत कमी भार जाईल. आम्ही आरसा टेकवला. टेकवल्यावर तो गुणगुणायचा थांबला. दादाने लगेच हात पाठीमागे नेले.

तो माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याला इतकं घाबरलेलं कधीच बघितलं नव्हतं. पुढे काय विचारणार आहे मी, याची वाट बघत होता. जन्मभर ज्याने काच कापली, आणि एका ओढीत कापली, तो.

मी मांडीवर हात दाबला. "नाही रे दादा. नाही जमत. भार आला की कळ येते आतून."

"दुखतंय?"

"दुखतंय. चाल सरळ दिसते नुसती. बेकरीवाल्याला 'नाही' असंच कळवायला हवं. माझ्या पायाने घात केला बघ."

दादाने श्वास सोडला. मग मोठ्या भावाच्या आवाजात रागे भरला, "मी सांगत होतो ना, घाई नको म्हणून? ऐकशील तर शपथ! शटर मी ओढतो. तू जा, पड जरा."

"येतो," म्हटलं आणि निघालो. तो दारात उभा राहिला. मला पाठीवर त्याची नजर जाणवत होती, म्हणून चांगलं ठसठशीत लंगडायला लागलो. काठी टेकत, त्या अंगाला कलत. डोळ्यांत पाणी आलं होतं, समोरचं धड दिसत नव्हतं, पण लंगडत होतो मनापासून.

पाचसहा पावलं गेलो असेन. मागून आवाज आला, भर रस्त्यात, काच खांद्याला असताना यायचा तसा.

"उजवा!"

मी खाली बघितलं. काठी डाव्या हातात, म्हणून मी डाव्या पायाने लंगडत होतो.

मागे वळलो नाही. पाय बदलला.